कायझर दिसू नये म्हणून

हिस्कियाने आजवर पाहुण्यांना काय काय दाखवलं नव्हतं! वाळवंटातले हत्ती दाखवले, कड्याच्या सावलीत उभ्याउभ्या डुलक्या घेणारा काळा गेंडा दाखवला, आणि एका जर्मन बाईला तर सिंहीण इतक्या जवळून दाखवली की बाई पुढे मुक्कामभर कुजबुजूनच बोलत होत्या. होआनिब नदीच्या कोरड्या पात्रात कुठलं जनावर कोणत्या झाडाखाली सापडेल हे हिस्कियाला विचारावं, आणि सांगण्यात त्यानेही कधी हात आखडता घेतला नाही. पण त्या दिवशी उठल्यापासून त्याच्या मनात एकच होतं, आज पाहुण्यांना एक जनावर दिसू नये. फक्त एक. बाकी सगळं अभयारण्य त्यांनी डोळे भरून बघावं, त्याची ना नव्हती.

त्या जनावराचं नाव होतं कायझर, आणि कायझर हा बोकड होता. पाहुणा होता गेर्सन, हिस्कियाच्या थोरल्या बहिणीचा मुलगा.

नामा लोकांत मामा होणं म्हणजे गंमत नव्हे. मामाच्या कळपातलं सगळ्यांत देखणं जनावर भाच्याने बोट दाखवून सरळ घेऊन जावं आणि मामाने तोंडातून चकार शब्द काढू नये, अशी रीत. मामाच्या वाट्याला काय, तर भाच्याकडे जे लंगडं, काणं, मोडकं, खोट असलेलं निघेल ते त्याने आपलं म्हणून घरी आणावं. कुणी घातली ही रीत कोण जाणे. ज्याने घातली त्याला बहीण नसणार, असं हिस्कियाचं ठाम मत होतं.

गेर्सनला आपला हक्क दुधाचे दात पडायच्या आत कळला होता. पहिल्यांदा त्याने एक तांबडा बोकड नेला. मग घोड्याचं खोगीर नेलं, मग रेडिओ, मग सिंहाची चाहूल लागली की नुसते कान हलवून सांगणारा कुत्रा. खोगीर-रेडिओ रीतीत बसत नव्हते, पण पोराचं बोट थांबेना आणि मामाला नाही म्हणवेना. बदल्यात हिस्कियाच्या अंगणात जमा झालं होतं एक एकाक्ष गाढव, बिनब्रेकची सायकल, दोनच पाय उरलेलं तिपायी पातेलं आणि निम्मे सूर मुके झालेलं अकॉर्डियन. त्यावर भजनं वाजवली तर त्यातला रडका भागच तेवढा ऐकू येतो, असं त्याची बायको एर्ना म्हणायची.

मग दुष्काळ आला, आणि न्यायलाच काही राहिलं नाही. शेळ्या एकेक करून बसल्या त्या उठल्या नाहीत. एक करडू तेवढं आईच्या थंड पोटाशी लुचत राहिलं होतं, ते हिस्कियाने कोटात घालून घरी आणलं. घरात दूध कुठलं? अभयारण्यातल्या पाहुण्यांच्या तंबूंतून दूध पावडर मिळायची ती चहात कालवून, वर साखर घालून त्याने करडाला बाटलीने पाजलं. स्वतः बिनदुधाचा, बिनसाखरेचा प्यायला. ते करडू म्हणजे कायझर. आता त्याचं अंग पांढरंशुभ्र होतं, डोकं तांबूस, शिंगं मागे वळलेली, आणि चाल अशी की वस्तीवरचा धर्मोपदेशकही बाजूला होऊन वाट द्यायचा. उरलेला चिमूटभर कळप वाढला तो त्याच्याच जिवावर. हा बोकड गेला तर हिस्कियाचा जीव अर्धा होणार होता, आणि हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

"त्याला वाडग्यात कोंडून ठेव," सकाळी धुकं असतानाच तो एर्नाला म्हणाला.

"ठेवते की. मागच्या खेपेला कोंडला तेव्हा फाटक गळ्यात घालून बाहेर आला होता."

"मग वर घळीकडे ने सगळ्यांना. झऱ्याच्या बाजूला."

"नेते. पण नदीत आनाच्या झाडांखाली शेंगा पडायला लागल्यात. शेळ्यांना घळ नको, शेंगा हव्यात. त्यांची समजूत तुम्ही घाला. गाइड तुम्ही आहात."

"एर्ना, थट्टा करू नकोस. गेर्सनची नजर तुला माहीत आहे."

एर्नाला दया आली. तिने चुलीतली राख घेऊन कायझरच्या पांढऱ्या अंगाला चोळली आणि मागच्या पायाला फडकं बांधलं, म्हणजे लांबून कुणी पाहिलं तर दुखणाईत वाटावा. कायझरने चोळून घेतलं आणि जाता जाता निम्मं फडकं खाल्लं.

ऊन वर आलं तेव्हा गेर्सन आपली पांढरी पिकअप घेऊन दारात आला. बरोबर त्याची नवी बायको तुयेनी, उत्तरेकडची, ओवाम्बो जमातीची. दोघं आदल्या दिवशी येऊन अभयारण्याच्या तंबूत उतरली होती. मामाचं घर हाकेच्या अंतरावर असताना तंबूत! हिस्कियाला ते लागलं होतं, पण आज ते बोलायची सोय नव्हती. गेर्सन राजधानीत, विंडहुकला, विम्याच्या कचेरीत होता. आज त्याने नवाकोरा खाकी पोशाख चढवला होता आणि त्याला इतके खिसे होते की त्यात त्याची अख्खी कचेरी मावली असती.

आधी पावसाची चौकशी झाली, मग हिस्कियाच्या गुडघ्यांची. मग तो प्रश्न आलाच.

"शेळ्या कशा आहेत, मामा?"

"गेल्या."

"सगळ्या?"

"दुष्काळाने खाल्ल्या रे. उरल्यात त्यांची नुसती हाडं आणि कातडी. बघण्यासारखं काही नाही."

गेर्सन खाली बघत म्हणाला, "वाईट झालं." त्यापुढे त्याने काही विचारलं नाही. निसटलो, असं हिस्कियाला वाटलं आणि त्याने घाईघाईने दोघांना उघड्या जीपमध्ये बसवलं.

"मामा," निघाल्या निघाल्या तुयेनी मागून म्हणाली, "यांनी म्हणे लहानपणी तुमचं घर धुऊन नेलं. खरं का?"

"धुऊन कसलं, पोरी. हक्कच होता त्याचा."

"आणि तुम्हाला काय मिळायचं?"

"अंगणात एका डोळ्याचं गाढव पाहिलंस ना? ते मिळालं. जे मोडकं ते मामाचं."

ती खळखळून हसली. गेर्सन हसला नाही. तो बाहेर बघत बसला होता.

आता खरी अडचण सुरू झाली. तुयेनीला हत्ती बघायचे होते. हत्ती या दिवसांत नदीत असतात, कारण आनाच्या शेंगा नदीत असतात. आणि एर्नाने कितीही हाकललं तरी त्याच शेंगांच्या वासाने शेळ्याही तिथेच उतरणार हे हिस्किया जाणून होता. म्हणून त्याने जीप नदीकडे न वळवता दगडगोट्यांच्या उजाड माळावर घातली.

माळावर त्याने त्यांना वेल्विचिया दाखवली. ही पालापाचोळ्याच्या ढिगासारखी दिसणारी वनस्पती पुष्कळ जुनी असते, आणि हिस्कियाने तिच्या वयाइतकाच वेळ घेऊन तिची माहिती सांगितली. मग एक सरडा दाखवला. मग एक काळा दगड दाखवला. मग दुसरा काळा दगड दाखवला, तो पहिल्याहून कसा वेगळा हे समजावून सांगितलं. शेवटी हत्तीची वाळून भुसा झालेली लीद सापडली, तेव्हा तो जीप थांबवून, टोपी काढून तिच्याकडे बघत उभा राहिला.

"मामा," तुयेनी म्हणाली, "हा हत्ती स्वतः कधीपर्यंत येईल?"

"आता हत्तींचं कसं असतं पोरी, ते आपल्या मर्जीचे."

"नाही, मला घाई नाही. दगडही छान आहेत. मी झोपले तर पुढच्या दगडाला उठवा."

गेर्सन गालातल्या गालात हसला. "मामा, माझ्या लहानपणी तुम्ही डोळे मिटून हत्ती शोधायचात. आज काय झालंय?"

"वय झालं," हिस्किया म्हणाला. उभ्या आयुष्यात त्याने हे कबूल केलं नव्हतं, पण कायझरसाठी तेही केलं.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. दुसऱ्या जीपवरचा योसेफ आपल्या ठणठणीत आवाजात सांगत होता, तेही नामा भाषेत, म्हणजे गेर्सनला शब्द न् शब्द कळेल असं, की मोठ्या वळणावर आनाखाली हत्तींचा अख्खा कळप उभा आहे, पिल्लंसुद्धा आहेत, आणि हिस्किया, तू आहेस कुठे, माळावर काय गवत उपटतोयस का? हिस्कियाने बटण दाबून आवाज बंद केला, पण उशीर झाला होता. मागून दोघं त्याच्याकडे बघत होती.

"चला," तो मेल्या आवाजात म्हणाला आणि त्याने जीप वळवली.

नदीचं पात्र रुंद, पांढऱ्या वाळूचं. वळणावरच्या झाडांखाली हत्ती होते, धुळीच्या रंगाचे, लांब पायांचे. एक नर मागच्या पायांवर भार देऊन सोंडेने फांदी हलवत होता आणि खाली शेंगांचा सडा पडत होता. कळपातली बायका-पोरं सोंडेने तो वेचत होती. हिस्कियाने इंजीन बंद केलं. तुयेनीने दोन्ही हात तोंडावर धरले आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. कितीही वर्षं दाखवले तरी हत्ती बघून माणूस असा गप्प झाला की हिस्कियाला आपणच ते घडवल्यासारखं वाटायचं. घटकाभर तो कायझरला विसरला.

आणि घंटा वाजली.

किणकिण करत, शेळीच्या गळ्यातली घंटा. दूध यायचं ते या जीपमधून, त्यामुळे तिचं इंजीन कायझर बोबडं बोलायच्या वयापासून ओळखत होता. पलीकडच्या झुडपांतून तो निघाला. अंगावर राखेचे पट्टे, पायात फडक्याची लोंबती चिंधी, आणि धाव अशी की लंगड्याचं सोंग त्याच्या बापालाही जमलं नसतं. सरळ हत्तींच्या कळपामधून, एका पिल्लाच्या पोटाखालून, तो जीपकडे सुटला.

पिल्लू किंचाळलं. त्याच्या आईने कान सुपासारखे फैलावले, डोकं वर केलं आणि ती आली.

"मामा, गाडी!" तुयेनी ओरडली.

गाडी कशी काढणार? कायझर पुढचे पाय बॉनेटवर ठेवून उभा होता आणि काचेतून हिस्कियाकडे प्रेमाने बघत होता. गाडी मागे घेतली असती तर तो तोंडघशी पडून हत्तिणीच्या पायांत गेला असता. गाडीतून खाली उतरायचं नाही, हा नियम हिस्कियाने आजवर हजारो पाहुण्यांना बजावला होता. तो खाली उतरला. त्याने कायझरच्या गळ्याला मिठी मारली. दुसऱ्या बाजूने खाकी खिशांचा एक ढीग वाळूत उडी मारताना त्याला दिसला, तो गेर्सन. दोघांनी मिळून ते धूड उचललं आणि जीपमध्ये फेकलं. फेकताना एक शिंग लोखंडी दांड्यावर आपटून काडकन वाजलं. हिस्किया आत चढला, जीप मागे सुटली, आणि हत्तीण जिथे बॉनेट होतं तिथे येऊन थांबली. तिने धुळीत पाय आपटला, एक तुतारी फुंकली, मग आपल्याला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं अशा चेहऱ्याने शेंगांकडे परत गेली.

पुढच्या वळणापर्यंत जीप सुसाट गेली. तुयेनीच्या मांडीवर पसरलेला कायझर तिच्या स्कार्फची चव घेत होता.

"मामा," ती म्हणाली, "हे कोणतं वन्य जनावर? पुस्तकात नाही सापडत."

"तुम्ही ओळखता का याला?" गेर्सनने विचारलं.

"नाही बुवा. असेल कुणाचा तरी. चुकलेला दिसतोय."

कायझरने मान लांब केली, हिस्कियाच्या छातीवरच्या खिशात तोंड घातलं आणि त्यातली साखर कागदासकट खाल्ली.

"तुमचा खिसा मात्र तो ओळखतो," गेर्सन म्हणाला, आणि तुयेनी इतकी हसली की तिला उचकी लागली.

घरी एर्नाने चूल पेटवून चहा ठेवला होता. शेळ्या तिच्याआधीच घळीतून नदीत पळाल्या, हे सांगायची तिला गरजच पडली नाही. गेर्सन नव्या पोशाखाची पर्वा न करता खाली बसला आणि आपल्या पांढऱ्या रुमालाने कायझरच्या अंगावरची राख पुसू लागला. पुसता पुसता त्याने छाती चाचपली, पाय उचलून बघितले, शिंगांवरून हात फिरवला. मामाकडचं जनावर कसं पारखायचं हे तो मामाकडूनच शिकला होता. हिस्किया कप हातात धरून उभा होता. आता बोट वर होणार, आता तो शब्द येणार. त्याने मनातल्या मनात कायझरचा निरोप घेऊन टाकला.

"असा बोकड मी उभ्या कुनेने प्रांतात पाहिला नाही," गेर्सन म्हणाला आणि उठला. "तुम्हालाच राहू दे, मामा."

"काय?"

"मी नाही नेणार. लहान होतो तेव्हा काही कळत नव्हतं. तुमच्या घरात काय उरतंय ते न बघता मी रेडिओ काय, कुत्रा काय, उचलत सुटलो. आठवलं की लाज वाटते. आता कुठे ती जुनी रीत घेऊन बसायचं? तुम्हाला संकोच नको म्हणूनच तर आम्ही तंबूत उतरलो."

हिस्कियाला आनंदाने नाचावंसं वाटलं. तो चहाचा एक घोट घेईपर्यंतच. घोट घशाखाली उतरला आणि त्याबरोबर काहीतरी आणखीही खाली खाली गेलं. त्याने कप खाली ठेवला.

"तुझी आई गेली त्याला दोन हिवाळे झाले," तो म्हणाला. "ओटिली होती तोवर तू तिच्यासाठी तरी यायचास. आता माझ्याकडून काही न्यायचंही नाही म्हणतोस. मग इकडे येशील कशाला रे?"

"असं काय बोलता, मामा? भेटायला."

"भेटायला! तंबूत उतरून, जीपचं भाडं भरून? तसे पुष्कळ येतात. मी त्यांना दगड दाखवतो." त्याचा आवाज चिरकला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं, पण आता तो थांबणार नव्हता. "मी तुझा ड्रायव्हर नाही, मामा आहे. का माझ्या बोकडात काही कमी आहे? कचेरीतल्या साहेबाला शोभत नाही तो?"

"अहो, सकाळपासून त्यालाच लपवत होता ना?" एर्ना न राहवून म्हणाली.

"लपवणं मामाचं काम आहे! शोधून नेणं भाच्याचं!" हिस्किया गरजला. "त्याने आपलं काम सोडलं तर मी काय नुसताच लपवत बसू?"

हिस्कियाने दोर आणला, कायझरला ओढत पिकअपपाशी नेलं आणि मागच्या हौद्यात चढवून स्वतः बांधलं. कायझरने त्याच्या कानाचा वास घेतला. गेर्सन जवळ येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"नेतो, मामा," तो म्हणाला. "उत्तम बोकड आहे. मला आवडला. मी नेतो."

"ने. चकार शब्द काढणार नाही मी," हिस्किया म्हणाला. आणि मग बरेच शब्द काढले, चहा कसा द्यायचा, साखर किती, थंडीत काय पांघरायचं.

त्यांना त्याच दुपारी समुद्राकडे, स्वाकोपमुंडला निघायचं होतं. पिकअप धूळ उडवत निघाली. हिस्किया पाठ फिरवून एकाक्ष गाढवापाशी जाऊन उभा राहिला, कारण त्याला ते बघवत नव्हतं. बिचारं गाढव होतं त्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होतं. घंटेचा आवाज लांब लांब गेला, आणि मग तो लांब जायचा थांबला.

पिकअप टेकाडाखाली उभी होती. गेर्सन हौद्यावर चढून दोन्ही हात हलवत ओरडत होता.

"मामा! अहो मामा! हे काय जनावर दिलंत मला? याच्या शिंगाचं टोक तुटलंय!"

हिस्किया गुडघे विसरून धावत सुटला. धापा टाकत पोचला तेव्हा गेर्सन शिंगाला हात लावून गंभीर चेहऱ्याने उभा होता, आणि तुयेनी ओठ दाबून दुसरीकडे बघत होती.

"कुठे तुटलंय?" हिस्किया म्हणाला.

"हे काय. दांड्यावर आपटलं ते."

"एवढुसं? नखाएवढं? याला काय तुटलं म्हणतात?"

"खोट ती खोट. बोकड आता माझा आहे, आणि माझ्याकडचं खोट असलेलं जनावर कुणाचं, मामा?"

"खोट असेल तुझ्या डोळ्यात! अरे, असं शिंग..." हिस्किया पुरता चिडला होता. आपल्या कायझरला कुणी मोडकं म्हणावं हे त्याला सहन होत नव्हतं. मागून एर्ना पोचली आणि तिने त्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

"घ्या गुमान," ती म्हणाली. "तोंड उघडाल तर बोकड जाईल."

हिस्कियाने तोंड मिटलं. त्याने सावकाश दोर सोडला. कायझर खाली उतरला आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात त्याच्या खिशाकडे वळला.

"पुढच्या हिवाळ्यात येतो," गेर्सन गाडीत बसत म्हणाला. "घरीच उतरेन. आणि मामा, तेव्हा मला बिनखोटीचा लागेल. सांगून ठेवतो."

"तंगड्या मोडीन," हिस्किया म्हणाला.

पिकअप दिसेनाशी होईपर्यंत तो हात हलवत राहिला. मग कायझरला घेऊन घरी आला, वाडग्यापाशी थांबला आणि त्या मोसमात जन्मलेल्या करडांकडे बराच वेळ बघत बसला. शेवटी त्याने एक उचललं. रुंद छातीचं, तांबूस डोक्याचं, पाय झाडणारं.

"एर्ना," तो म्हणाला, "उद्यापासून याला दुधाचा चहा."